दम लागला तर सांगा

दवाखान्याच्या पिशवीत औषधं कमी आणि किस्सेच जास्त साठतात, हे मला आमच्या ह्यांच्या बायपासनंतर कळलं.

ह्यांचं ऑपरेशन फासळ्यांमधल्या छोट्याशा चिरेतून झालं. अंजनगावात सगळे बघायला आले आणि नाराज झाले! शेजारच्या शांताबाई तर म्हणाल्या, "एवढीशीच? माह्या भावाची तं अख्खी छाती उघडली होती!" जणू आमचं ऑपरेशन अर्धवटच राहिलं!

वर्ष होत आलं तसा ह्यांना पानमळ्यात दम लागू लागला. अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली. बायपासमध्ये जोडलेल्या नळीतून हृदयाला रक्त नीट पोचतंय का, ते बघायचं. पोचत नसेल तर कदाचित पुन्हा ऑपरेशन, तेही छाती उघडून. हे घाबरले आणि चक्क परीक्षेची तयारी सुरू केली! रोज सकाळी मळ्याला फेऱ्या. अकोल्याचे जावई म्हणाले, "मामाजी, पास व्हाले नाई, खरं काय ते पाहाले चाललो आपण!"

तपासणीसाठी आदल्या दिवसापासून चहा बंद. अमरावतीच्या स्टँडवर हे टपरीपाशी थबकले.

"काहून थांबले?"

"पीत नाई ना! वास घेऊन राहिलो."

मशीनच्या सरकत्या पट्ट्यावर हे चालताना सिस्टर सारखी म्हणायची, "काका, दम लागला तर सांगा."

"नाई!"

घामाच्या धारा लागल्या, तरी "नाई!" शेवटी मीच ओरडले, "सिस्टर, खोटं बोलून राहिले! कान लाल झाले म्हणजे दम लागला समजा!"

हे धापा टाकत म्हणाले, "घरभेदी!"

इंजेक्शन झाल्यावर सिस्टर म्हणाली, "आता दूध प्या, काहीतरी तेलकट खा. मग हृदयाचे फोटो स्वच्छ येतात." वर्षभर मी ह्यांना तेल चमच्यानं मोजून दिलेलं! हे लगेच म्हणाले, "लिहून द्या, सिस्टर. हिले दाखवाले पाह्यजे!"

दोन आलूबोंडे आणले. एक संपला, दुसरा हातातच राहिला. "पुन्हा फाडतीन काय वं मले?" ह्यांनी हळूच विचारलं. मी नुसतं पाणी पुढे केलं.

दुपारनंतर डॉक्टरांनी रंगीत चित्रं दाखवली. "काका, रक्त सगळीकडे छान पोचतंय. ऑपरेशनची गरज नाही. अंगाची कष्टाची सवय मोडली म्हणून दम लागतो. चालत राहा."

माझ्या हातातली फाइल निसटली, कागद खोलीभर झाले. हे वाकून एकेक गोळा करू लागले आणि खालूनच डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, मशीन चालूच हाये तं हिचंही पाहून घ्या. वर्षभर माह्यापेक्षा जास्त धडधडून राहिलं."