दुदात्यांना काळा

"आई कोण, ते आधी सांगा."

कोणी एखाद्या बैलाचं कौतुक सुरू केलं की डॉक्टर उजव्या हाताचा पंजा वर करून त्याला थांबवायचे आणि हे वाक्य टाकायचे. शेतकऱ्यांपुढे इंग्रजीत, जसंच्या तसं: "फर्स्ट टेल मी, हू इज द मदर?" बिचारा शेतकरी बैलांचा चकचकीत कॅटलॉग घेऊन आलेला असायचा. कुठली जात घेऊ, पांढरा शॅरोले की काळा अँगस, एवढंच त्याला हवं असायचं. आणि हे गृहस्थ गायीची चौकशी करत बसायचे. तिची उंची किती, दूध किती, पहिल्या खेपेला विताना अडली होती का, स्वभावानं कशी आहे. मुलाचं स्थळ घेऊन मध्यस्थाकडे यावं आणि त्यानं मुलाचं नावही न विचारता मुलीचीच माहिती काढावी, तसला प्रकार.

आमची कंपनी लहान. मांसासाठी गायी पाळणाऱ्यांना कोणत्या गायीला कुठल्या जातीचा बैल द्यावा, याचा सल्ला द्यायची. डॉक्टर जनावरांचे, मूळचे माणदेशातले. मी पुण्याची, राहायला ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलला, काम संगणकाचं. गायीशी माझा आयुष्यभराचा संबंध दुधाच्या पिशवीपुरता. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "काय पुणेकर, आज तरी गाय आणि बैल यातला फरक कळला का?" ही आमची सकाळ. मीही कमी नव्हते. "डॉक्टर, गमबूट दाराबाहेर काढा, मग बोला," असं ठणकावून सांगायचे.

या गायींना कोणी दोहत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. सगळं दूध वासराचं. सहा-सात महिने ते आईबरोबर डोंगरावर हिंडतं आणि पोट फुटेस्तोवर पितं. अशा गायीला मराठीत काय म्हणायचं, म्हणून मी विचारलं. डॉक्टरांनी बराच वेळ डोकं खाजवलं.

"शब्द न्हाई," ते म्हणाले. "आपण वासराला सगळं कधी पिऊच दिलं न्हाई. शब्द कुठनं येणार?"

तुम्हाला वाटेल, हिंदू माणूस आणि हा धंदा! गणपतीत एका गृहस्थांनी प्रसादाची वाटी हातात धरूनच त्यांना तसं विचारलं होतं. आजूबाजूच्या आम्ही सगळ्यांनी तोंडं मोदकात घातली. डॉक्टर रागावले नाहीत. "मी वासरू सुखरूप बाहेर काढणारा माणूस," ते म्हणाले. "ट्रक येतो त्या दिवशी मी तिथं जात न्हाई. मला ते बघवत न्हाई, खोटं कशाला बोलू? पण तोवर ते आईपाशी असतं." उत्तर पुरेसं नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते उठून पाणी प्यायला गेले.

आता जोनची गोष्ट सांगते. डॉक्टर कसे होते ते तिच्याशिवाय सांगताच येणार नाही.

जोन सत्तरीची. ऑकलंडच्या उत्तरेला दीड तासावर डोंगराळ जमीन, पन्नासेक गायी, सगळ्या संकरित. हेअरफर्ड बाप, दुधाळ फ्रिजियन आई. नवरा जाऊन वर्ष झालेलं, आणि तिचा खुबा बदललेला. नवऱ्याला पांढऱ्या शॅरोले बैलाचं वेड होतं. वासरं दणदणीत, वजनदार, पण दरवर्षी चार-पाच गायी अडायच्या आणि तो हात घालून सोडवायचा. आता ते कोण करणार? मुलगा सिडनीला, गायी विकून टाक म्हणून मागे लागलेला. जोननं डॉक्टरांना स्पष्टच सांगितलं, "गायी आपल्या आपण व्यायल्या तर मी इथं राहते. नाही व्यायल्या तर पुढच्या वर्षी शहरात, अल्बनीतल्या फ्लॅटमध्ये. माझा नवरा या टेकडीवर आहे आणि मला जायचं नाहीये."

"पुन्हा हेअरफर्डच वापरू का?" तिनं विचारलं.

"सेम गोत्र!" डॉक्टर ओरडले. "नो मॅरेज!" मग गोत्र म्हणजे काय हे त्यांनी तिला अर्धा तास समजावलं. बापाचंच रक्त पुन्हा आणलं तर संकराचा जोम कमी होतो, तिसरं घराणं आणायचं. मला म्हणाले, "गोत्र म्हणजे मुळात गायींचा गोठाच, पुणेकर. आपण माणसांनी तो शब्द पळवला." जोन हसून हसून कुंपणाला टेकली. त्या दिवसापासून ती फोनवर आधी विचारायची, "हॅलो डॉक्टर, आई कोण?" अगदी मराठीत. उच्चार 'आय कोन', पण विचारायची.

काम करायची आमची एक रीत होती. डॉक्टर परतीच्या वाटेवर गाडीतून मला मराठीत निरोप रेकॉर्ड करून पाठवायचे, मी त्याचं इंग्रजी करून शेतकऱ्याला ईमेल करायचे. डॉक्टरांना इंग्रजी लिहायचं म्हटलं की घाम फुटायचा. जोनच्या वेळचा निरोप एवढासा होता: "दुदात्यांना काळा, बाकी सगळ्यांना पांढरा."

मी ऐकलं, दुभत्यांना काळा.

मी लिहिलं, वासरं पीत असलेल्या सगळ्या गायींना अँगस. उरलेल्यांना शॅरोले.

दुदाती म्हणजे दोन दात आलेली, कोवळी कालवड. जनावराचं वय दातांवरून सांगतात, हे पुण्यात मला कोण शिकवणार होतं? दुभती हा शब्द मात्र मला येत होता, आणि आपल्याला एक तरी शब्द येतो याचा त्या दिवशी केवढा तोरा होता मला! डॉक्टरांचा बेत सरळ होता. थोराड गायींना पांढरा बैल, त्यांना मोठं वासरू झेपतं. पहिलटकरणींना काळा, त्याची वासरं जन्मताना लहान असतात. मी तो बरोब्बर उलटा केला. जोनला नवल वाटलं, पण डॉक्टरांचं काही गणित असेल म्हणून ती बोलली नाही. तिच्या अकरा कालवडींत शॅरोले सोडला गेला.

जानेवारीत डॉक्टर तिकडे गेले आणि तिथूनच मला फोन आला. आवाज अगदी शांत. "पुणेकर, मी काय म्हणालो होतो, जरा ऐकता का परत?"

मी ऐकलं. स्वच्छ ऐकू येत होतं, दुदात्यांना. मी माझी ईमेल उघडून पुन्हा वाचली.

"असू दे," ते म्हणाले. "मीच नीट सांगायला पाहिजे होतं. इंजेक्शन देऊन गाभ पाडता येईल, पण जोन नको म्हणते. आता बघू."

त्यांनी जोनला सांगितलं, "चूक माझी झाली." माझं नाव घेतलं नाही. मीही सांगितलं नाही. आज सांगते, उद्या सांगते, असं करत जून-ऑगस्टचा इथला हिवाळा गेला.

सप्टेंबरच्या शेवटी डॉक्टरांनी साठलेली सगळी रजा काढली आणि चार आठवडे जोनच्या शेडशेजारच्या खोलीत मुक्काम ठोकला. मी शनिवारी डबा घेऊन जायचे. ते कालवडींच्या कुरणात खुर्ची टाकून बसलेले असायचे. पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, डोक्यावर जोनच्या नवऱ्याची टोपी. प्रत्येकीशी मराठीत बोलायचे. "घाई करू नगं गं. कुणी मागं लागलंय का तुझ्या?" जोन लांबून बघायची आणि म्हणायची, "या कालवडींना मराठी कळायला लागलंय. मला अजून नाही."

आठ सुटल्या. तिघींची वासरं ओढून काढावी लागली, पण सुटल्या. नववी अडली ती माझ्या समोर, भर दुपारी. वासराच्या पायांना दोऱ्या बांधल्या, एक माझ्या हातात दिली. "मी म्हणेन तेव्हाच ओढा, पुणेकर. तिला कळ आली की." मी ओढत होते आणि रडत होते. तासाभरानं वासरू आलं, सायीच्या रंगाची पाडी, जिवंत. आई उठलीच नाही. आतून रक्त गेलं होतं. डॉक्टर तिच्या मानेवर हात ठेवून गवतात बसून राहिले. "चुकलं गं बाई," एवढंच म्हणाले.

मग जोनकडे वळून, "माय मिस्टेक, जोन. सॉरी."

मी दोरी हातात धरून तिथंच उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले.

उरलेल्या दोघी आपल्या आपण व्यायल्या. जोननं गायी विकल्या नाहीत. "अकरातल्या दहा," ती म्हणाली. "आणि हा माणूस महिनाभर माझ्या कुरणात बसला. फ्लॅटमध्ये कोण बसलं असतं?" पुढच्या वर्षीची योजना डॉक्टरांनी मला समोर बसवून लिहायला लावली आणि प्रत्येक शब्दाला विचारलं, "काय ऐकलं?" चिडवत होते मेले! त्या पाडीला त्यांनी पहिले काही दिवस स्वतः बाटलीनं पाजलं, मग एका म्हाताऱ्या गायीच्या अंगाला लावून दिलं. कधीही बघा, गाडीतून उतरले की आधी तिच्याकडे.

गेल्या जूनमध्ये डॉक्टर गेले. सकाळी घरीच, चहा पिताना. ऑफिसात त्यांचे गमबूट दाराबाहेर अजून तसेच आहेत. उचलावेत असं कोणालाच वाटत नाही. मला तर नाहीच.

या वसंतात जोनचा फोन आला. "तुझ्या त्या पाडीला वासरू झालंय. एकटीनं, सकाळच्या उन्हात. मी चहा घेऊन बघत होते फक्त. ये, आणि मला एक गोष्ट वाचून दाखव."

मी गेले. सायीच्या रंगाची ती गाय उतारावर उभी होती. पोटाशी काळं कुळकुळीत वासरू, अँगसचं, ढुशा देऊन देऊन पीत होतं आणि शेपटी हलवत होतं.

जोननं तिची लाल वही काढली. कुठलं वासरू कधी झालं, बाप कोण, आई कोण, असे पेन्सिलीनं आखलेले रकाने. तीन वर्षांपूर्वीच्या पानावर, या गायीच्या जन्माच्या ओळीत, आईच्या रकान्यात बारीक देवनागरी अक्षर होतं. "हे त्यानं लिहिलंय," जोन म्हणाली. "मला वाटायचं प्रार्थना असेल."

मी वाचलं. 'दुदाती. दुभती व्हायची राहिली.'

मला पुढचं दिसेना. मी तिथंच, त्या ओल्या गवतात, जोनला सगळं सांगून टाकलं. दोन शब्द, त्यांचे अर्थ, कोणी काय म्हटलं आणि कोणी काय ऐकलं. तीन वर्षं गिळून ठेवलेलं.

जोननं सगळं ऐकून घेतलं. "मला माहीत होतं गं," ती म्हणाली. "ईमेल तुझ्याकडून आली होती. त्याला तर इंग्रजीत माझं नाव नीट लिहिता यायचं नाही. पण तो एवढा मनापासून खोटं बोलत होता, की मी म्हटलं, बोलू दे."

मग तिनं वहीचं नवं पान उघडलं. काळ्या वासराची ओळ तिनं लिहिली होती, तारीख, बाप, सगळं. एक रकाना कोरा होता. तिनं पेन्सिल माझ्या हातात दिली.

"आय कोन?" जोननं विचारलं.

मी नीट ऐकलं आणि लिहिलं, 'दुभती.'