नझीहाच्या हातचं फुलांचं पाणी

ट्युनिसजवळच्या नाबुल गावी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात नझीहासारखी नक्षी काढणारी दुसरी बाई नव्हती. एकदा कुंचला हातात घेतला की चार-चार तास मान वर करायची नाही. शेजारी छत कोसळलं असतं तरी तिने आधी भांड्यावरच्या मासोळीचा डोळा पुरा केला असता. आणि हीच बाई घरी चुलीवर दूध ठेवून गच्चीवर वाळलेले कपडे आणायला जायची, ती तिथेच एका सदऱ्याचं बटण शिवत बसायची. मग खालून तिचा नवरा रिदा ओरडायचा, "अगं नझीहा, दूध उतू जाऊन मशिदीपर्यंत पोचलं!"

चव्वेचाळीस वर्षांची झाली तरी तिचं हे असंच. चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा. मुलीच्या शाळेतली पालकांची सभा तिने दोनदा चुकवली आणि तिसऱ्या खेपेला एक दिवस आधीच जाऊन बंद फाटकासमोर बसली. लोक हसायचे, तीही हसायची. घरी आल्यावर मात्र न्हाणीघरात नळ सोडून रडायची. आपण हे मुद्दाम करत नाही, एवढी साधी गोष्ट तिला कोणाला पटवून देता येत नव्हती. लोकांनी तिला सल्ले काय कमी दिले? पण सगळ्यांचा सल्ला एकच, "जरा लक्ष दे." लंगड्याला जरा नीट चाल म्हणावं, तसं.

यात सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. वसंतात कडू संत्र्याला बहर आला की नाबुलात घरोघरी फुलांचं पाणी काढतात. नझीहाच्या माहेरी ते काम तिच्या आईचं, लल्ला बेयाचं. तांब्याचं भांडं, वर घुमट, घुमटातून निघालेली नळी आणि नळीखाली बाटली. आच मंद ठेवायची, वाफेचे थेंब व्हावेत म्हणून घुमटावर ओतलेलं थंड पाणी कोमट झालं की बदलायचं, आणि बसायचं. सगळी मेख त्या बसण्यातच. त्या वर्षी बेयाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून भांडं नझीहाकडे आलं. पहिला तास ती बसली. मग तिला वाटलं, बाटल्यांना छानशी लेबलं असावीत. तिने रंग काढले. बारा लेबलांवर बारा वेगवेगळ्या फांद्या रंगवून होईस्तोवर भांड्याच्या तळाशी फुलांचा कोळसा झाला होता.

धुराचा वास चार दिवसांत उडेल या आशेवर तिने त्या बाटल्या घरोघर वाटल्या! ईदच्या सकाळी सगळ्या नातेवाइकांनी कॉफीत ते पाणी घातलं, घोट घेतला आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. मामाने लेबलाची स्तुती केली, मामीने लेबलाची स्तुती केली. थोरली बहीण दलीला तेवढी म्हणाली, "मग लेबलच घोळून प्यायला हवं होतं."

तर यंदा लल्ला बेया अठ्ठ्याहत्तरची झाली. मनगटं दुखायला लागली. शुक्रवारी कुसकुस खाऊन झाल्यावर तिने सांगून टाकलं की भांडं आता एका लेकीला द्यायचं. भांडं ज्या घरी, त्या घरी दर वसंतात सारा गोतावळा. दलीलाने तर मनातल्या मनात ते ठेवायला फडताळही रिकामं केलं होतं.

"आधी नझीहा काढेल," बेया म्हणाली. "नीट निघालं तर तिचं."

"उम्मी, पुन्हा?" दलीलाने कपाळाला हात लावला. "घरातल्यांनी काय पाप केलंय?"

नझीहाला त्या तांब्याच्या भांड्याचं अप्रूप नव्हतं. आईने एकदा तरी डोळे मिटून आपल्या हाती काही सोपवावं, एवढीच तिची भूक होती, आणि ती लहानपणापासूनची होती.

तिने आधी किलोभर फुलांवर सराव करायचा ठरवलं. फोनवर दर वीस मिनिटांचा गजर लावला. पहिला गजर झाला, तिने पाणी बदललं. दुसरा झाला, तेव्हा बंद करायला फोन उचलला तर समोर मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो. नवरीच्या हातावरची मेंदी तिने मोठी करून पाहिली, मग नवरदेवाच्या आईचा पोशाख, मग स्वतःच्या लग्नातले फोटो शोधले. शेवटी रिदाच खोकत आत आला. "गजर वाजत होता का आगीचा बंब?" त्याने विचारलं आणि खिडक्या उघडल्या.

बहर संपायला जेमतेम आठवडा उरला होता. दुसऱ्या दिवशी ती आईकडे गेली आणि उभ्या-उभ्याच बोलली, नाहीतर तिला बोलताच आलं नसतं. "उम्मी, मला एकटीला जमत नाही. कितीही ठरवलं तरी नाही जमत. तू हात लावू नकोस, फक्त माझ्या शेजारी बस. चालत नसेल तर भांडं दलीलाला दे."

बेया म्हणाली, "शनिवारी सकाळी फुलं घेऊन ये. आणि दलीलाला सांग, मटार घेऊन ये म्हणावं. पोतंभर."

शनिवारी नझीहाने आपला फोन रिदाच्या गाडीत ठेवला आणि रिदाला गाडीसकट घालवून दिलं. कारखान्यातून आणलेल्या आठ सुरया थंड पाण्याने भरून भिंतीशी ओळीने मांडल्या. एक रिकामी झाली की पालथी घालायची. आठवी पालथी झाली की आच बंद. वेळ तिच्या डोक्यात कधी राहत नसे. आता तो भिंतीशी उभा होता. तिघी चुलीभोवती बसल्या आणि मटार सोलू लागल्या.

तिसऱ्या सुरईनंतर नझीहा उठली. बेयाची काठी आडवी आली.

"कुठे?"

"चहाला पुदिना आणते."

"पुदिना दलीला आणेल. तू बस."

"म्हणजे मी मोलकरीण!" दलीला उठता-उठता करवादली. पण पुदिना आणला, आणि नझीहाने पाणी वेळेवर बदलताना तिने चोरून पाहिलंही.

"हे सुरयांचं कोणी शिकवलं?" बेयाने विचारलं.

"ट्युनिसला एका डॉक्टरबाईकडे गेले होते," नझीहा शेंगेकडे बघत म्हणाली. रिदाखेरीज कोणाला तिने हे सांगितलं नव्हतं. "लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार असतो म्हणे. बहुतेकांना लहानपणापासूनच. गोळी देतात, तिने थोडं बरं वाटतं. पण त्या म्हणाल्या, जे आठवायचं ते डोक्यात ठेवू नका, डोळ्यांसमोर ठेवा. आणि कंटाळवाणं काम असेल तर कोणाला तरी जवळ बसवा."

बेया हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, दलीलाने पाठ चोळली.

"हे सांगायला ट्युनिसची डॉक्टरीण? मी पन्नास वर्षं दुसरं काय केलं? पाणी काढायच्या दिवशी एवढ्या शेजारणी का जमायच्या, वाटलं तुला? कॉफीला? मी एकेकीच्या दारात जाऊन बोलवायचे. एकटी बसले की पाय आपोआप उठायचे माझे. लग्नानंतरच्या पहिल्याच वसंतात तुमच्या आजीची सगळी फुलं मी जाळली. वास यायच्या आत लिंबाच्या मुळाशी ओतलं आणि मांजराने सांडलं म्हणून सांगितलं."

"उम्मी!" दलीलाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आणि आम्हाला सांगायचीस, खोटं बोललं की जीभ झडते."

"नाही झडली," बेया म्हणाली. "पाणी बदल, नझीहा. सहावी."

नझीहाने सहावी सुरई ओतली. डोळे भरले होते. सातवी ओतली. आठवी ओतली आणि पालथी घातली. दलीलाने आच बंद केली. बाटलीतलं पाणी नितळ होतं. बेयाने तळहातावर चार थेंब घेतले, हुंगले, चाटले, आणि दोघी बहिणी तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"दलीला," ती म्हणाली, "थंड झालं की भांडं गुंडाळ. नझीहाच्या घरी जायचंय."

"म्हणजे दरवर्षी मटार सोलायला मीच?"

"तूच. थोरली आहेस ना?"

दलीला पुटपुटली, पण बाटलीला बूच तिनेच लावलं आणि पहिला थेंब नझीहाच्या केसांना पुसला.

"ती डॉक्टरीण म्हाताऱ्या बायकांना तपासते का गं?" बेयाने अचानक विचारलं.

"तपासते की. का? काही होतंय का तुला?"

"काही नाही होत. आणि गोळीबिळी मला नको." तिने मांडीवरची सालं झटकली. "तुमच्या आजीने मला जन्मभर कामचुकार म्हटलं. मग तुमच्या बापाने म्हटलं. दोघंही गेली, मी कोणाशी भांडू? कोणीतरी शिकलेल्या बाईने एकदा माझ्यासमोर म्हणावं, की बेया, तू तशी नव्हतीस. बस."

नझीहाने दलीलाचा फोन मागून घेतला आणि तिथल्या तिथे दवाखान्याचा नंबर शोधायला लागली, दुसरं काही सुचायच्या आत.