नवशिक्यांच्या बाजूचं पाणी

जळगावच्या आमच्या क्लबात पोहण्याचा तलाव झाला तेव्हा ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि मी अडतीस वर्षांची होते. बायकांसाठी वेगळी वेळ मागितली, तर कमिटीनं दुपारी चार ते पाच दिली. मे महिना, जळगाव आणि दुपारचे चार! काठावर पाय ठेवला की तळवे भाजायचे. तरी आम्ही अकरा जणी जायचो. कंपाउंडला कनात बांधायची, ओढणी कमरेला गच्च आवळायची आणि पंजाबी ड्रेससकट उतरायचं. शिकवायला भुसावळहून एक बाई यायच्या. पंधरा दिवसांत मला एकच गोष्ट जमली, पाण्यावर निपचित पडणं. तेही उताणं. तोंड पाण्यात घालायचं म्हटलं की माझा जीव घाबराघुबरा व्हायचा.

आणि नेमका तेव्हाच तलाव गळायला लागला. बोअरच्या पाण्यानं शुक्रवारी भरला, की मंगळवारी उथळ बाजूला जेमतेम घोटाभर पाणी. खोल बाजूला पुरुषांना मात्र पोहण्यापुरतं असायचं. क्लबच्या सेक्रेटरींना सगळे नाना म्हणत. नाना मला अगदी गोड आवाजात म्हणाले, "ताई, उथळ बाजू नवशिक्यांची, आणि नवशिक्या तुम्हीच. पाणी टिकेपर्यंत लेडीज बॅच बंद ठेवू."

झालं! तलाव सगळ्यांचा गळतोय आणि बॅच आमची बंद. भुसावळच्या बाई घरी बसल्या. आमचा शिवणवर्ग असाच 'थोडे दिवस' बंद झाला होता, तो कायमचा. या वेळी मी ऐकून घेणार नव्हते. माझं डोकंच फिरलं होतं.

तलाव बांधणारा कॉन्ट्रॅक्टर धुळ्याचा. उभा जन्म त्याचा शेतातले हौद बांधण्यात गेलेला, पोहण्याचा तलाव हा पहिलाच. नानांनी बोलावलं तसा तो आला, काठावरून एक चक्कर मारली आणि आभाळाकडे बोट दाखवून म्हणाला, "पानी गळत नही, ताई. उडी जास. जयगावनं ऊन शे हाई."

कमिटीतल्या पुरुषांनी माना डोलावल्या. उन्हानं पाणी उडून जातं म्हणे, आणि ऊन तर खरंच होतं ना!

मी घरून बादली आणली, काठोकाठ भरली आणि तलावाशेजारी, उन्हातच ठेवली. तलावाच्या भिंतीवर खडूनं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी बोटभरही उतरलं नव्हतं, तलावातलं मात्र वीतभर. मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. कॉन्ट्रॅक्टरनं वाकून बादलीच्या तोंडावर वीत लावून बघितली आणि म्हणाला, "बादलीनं तोंड ल्हान शे, ताई. टाकीनं मोठं शे. जास्तच उडी ना पानी."

पुन्हा माना डोलल्या! अरे, शाळेत गेला होतात की नाही तुम्ही? मी तिथंच ओरडले. त्यानंतर तो जो गेला, तो गेलाच. निरोप पाठवला की उत्तर एकच, पारोळ्याला काम चालू आहे.

रविवारी मी एसटीत बसले आणि थेट धुळ्याला त्याचं घर गाठलं. दारात त्याची आई होती, सगळ्यांची अक्का. "तो पारोळाले जायेल शे," ती म्हणाली. ओट्याला टेकून त्याची मोटारसायकल उभी होती.

"अक्का, मी पारोळ्यावरूनच आले. भाऊ काय पायी गेलेत?"

अक्का हसू दाबत आत गेली. मी बैठक मारली. बारा वाजले, एक वाजला. दारात आलेल्या बाईला उपाशी ठेवणं अक्काच्या जिवावर येत होतं. तिनं मला ताट वाढलं. शेवभाजी अशी झणझणीत की नाकाडोळ्यांतून पाणी आलं. मी दुसरी भाकरी मागितली, तिसरीही घेतली. आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं. थोड्या वेळानं पुन्हा खोकलं. शेवटी पडदा सरकला आणि कॉन्ट्रॅक्टर खाली मान घालून बाहेर आला.

"अक्का, माले बी वाढ."

आम्ही समोरासमोर बसून जेवलो. मी म्हटलं, शुक्रवारी तलाव भरला की या, पाणी कुठून जातंय ते मी दाखवते. खरं तर मला तरी कुठं माहीत होतं? जेवणाच्या भरात बोलून गेले.

शुक्रवारी मी कपड्यांना घालायच्या निळीची बाटली घेऊन गेले. गळतीपाशी थेंब सोडला की पाणी त्याला ओढून नेईल, असा माझा हिशेब. पुरुष बॅचमधला एक पट्टीचा पोहणारा उतरला आणि त्यानं असे हातपाय झाडले की सगळी नीळ पसरली. दुसऱ्याचंही तेच. त्यांना पाण्यात स्वस्थ राहताच येईना. आणि मला स्वस्थ राहण्याखेरीज काही येत नव्हतं!

पण बघायचं तर पालथं पडायला हवं, तोंड पाण्यात घालून. काठावर नाना, कमिटी, कॉन्ट्रॅक्टर. आता माघार घेतली असती तर बॅच गेलीच होती. मी श्वास भरला आणि पडले. कानात पाणी गेलं. क्लबाशेजारच्या शेताकडे जी भिंत होती, तिच्यालगत थेंब सोडत गेले. पहिला तिथंच तरंगला, दुसराही. तिसऱ्याची मात्र बारीक निळी रेघ झाली आणि दोन फरश्यांच्या फटीत सरळ आत गेली.

मी उठले ती खोकत, शिंकत, आणि बोट त्या फरशीवर.

तलाव उपसून कॉन्ट्रॅक्टरनं स्वतः छिन्नी लावली. फरशीमागून निघालं पाइपाचं तोंड, चिंध्यांचा बोळा कोंबून वर सिमेंट थापलेलं. हौदाचं पाणी केळीला सोडायला असतं ना, तसंच. त्याच्या मिस्त्रीनं सवयीनं शेताकडे पाइप ठेवला होता आणि ध्यानात आल्यावर गुपचूप बुजवला होता. कॉन्ट्रॅक्टर आधी कपाळावर हात मारून बसला, मग पोट धरून हसला. "आठे केळी कोठे शे, भो!" तो मिस्त्रीला म्हणाला. मलाही हसू आवरेना. सगळा राग गेला कुठल्या कुठे.

पाइप काढून ती भिंत त्यानं नव्यानं बांधली. तलाव भरला, मंगळवार आला, पाणी छातीएवढंच. मी स्वतः भुसावळला जाऊन बाईंना घेऊन आले.

जून सरता सरता एका दुपारी मी उथळ काठापासून निघाले आणि पहिल्यांदाच न थांबता खोल बाजूचा काठ गाठला. पाच वाजून गेले होते. कनातीबाहेर पुरुषांची बॅच चुळबुळत होती, नाना घसा खाकरत होते. पाणी बघायला आलेला कॉन्ट्रॅक्टर त्यांना म्हणत होता, "थांबा भाऊ, ताईनं व्हयनं नही अजून."

मी काठ धरून दम घेतला, आणि मुद्दाम सावकाश परत निघाले.