टिकटिक म्हणजे टॅपेट

गॅरेजात ग्रीस आणि किस्से दोन्ही साचतात. ग्रीस निदान रॉकेलने तरी निघतं! अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला मिरजोळ्याला बाबल मिस्त्री आणि मी भागीत गॅरेज चालवायचो. मिस्त्रींचा नियम एकच: गिऱ्हाइकाने पार्टाचं नाव घ्यायचं नाही, गाडीचा आवाज तोंडाने काढायचा. टिकटिक म्हणजे टॅपेट, घरघर म्हणजे बेअरिंग. निदान सहसा चुकायचं नाही.

* * *

एक हेडमास्तर स्कूटर घेऊन आले. "इंजिनातून विचित्र ध्वनी येतो."

"विचित्र म्हंजे कसा, सर?" मिस्त्रींनी विचारलं.

सरांनी आधी रस्त्याकडे बघितलं, कोणी विद्यार्थी नाही ना! मग मान खाली घालून म्हणाले, "फुर्रर्र... फट!"

"सायलेन्सर फुटलाय. पन आवाज झकास काढलात!"

पुढे सर दर सर्व्हिसिंगला हौसेने आवाज काढायचे.

* * *

एका बागायतदाराची जीप आली. तो म्हणे खडखड, बायको म्हणे खुळखुळ. मिस्त्रींनी अर्धा दिवस घालवून इंजिन खोललं. शेवटी सीटखाली नवऱ्याचा सुपारीचा डबा निघाला!

तो डबा मला जीप फाटकातून आत येतानाच ऐकू आला होता. मिस्त्री मुद्दाम गंमत करतायत असं वाटून मी गप्प बसलो.

* * *

मग वेळणेश्वरहून एका होडीवाल्याचा फोन. मिस्त्रींनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. "तू ऐक नि मोठ्यान सांग."

"डुग डुग डुग... फुस्स!" मी ओरडलो. सगळं गॅरेज हसलं, मीसुद्धा.

शटर ओढताना मिस्त्रींनी हळूच विचारलं, "खरा सांग, माझा कान गेला काय रे?"

"छे हो! तुमचा कान म्हणजे मशीन!"

त्यांना बरं वाटलं. डॉक्टरकडे जायचं राहिलं ते दोन वर्षं. शेवटी मी घेऊन गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. मिस्त्रींना ते ऐकू आलं नाही आणि मीही लिहून दाखवलं नाही. त्या 'छे हो'चं मला अजून वाईट वाटतं.

* * *

मिस्त्रींच्या लेकीला मुलगी झाली. भेटायला गेलो तर ते पडवीत बसलेले, आत बाळ रडत होतं.

"रडते कशी रे?"

मी चाळिशीचा, मिशीवाला माणूस. इकडेतिकडे बघितलं आणि सुरू केलं, "ट्यँऽहाँ! ट्यँऽहाँ!"

मिस्त्री माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली.

"तसा तिची आयस रडायची. ता मी ऐकलाय. जा, नीट ऐकून ये."