पंचमीची अळंबी

आमच्या शेजारचे शेषेराव भाऊजी तोंडाचे लई फटकळ. पण बिलोलीकडच्या आमच्या गावात त्यांनी बघितल्याशिवाय अळंबी चुलीवर चढत नाही. मांजरेच्या काठाला जांभळीखाली वारुळं आहेत, श्रावणात ती तिथं उगवते. बायका ओटीत घेऊन आल्या की भाऊजी आधी विचारतात, मुळी कुठंय? खुरप्यानं खोल उकरलं तर खायच्या अळंबीची लांब मुळी थेट वारुळात गेलेली दिसते. विषारीच्या बुडाला पिशवी असते. वरून बघाल तर दोघी सारख्याच पांढऱ्या. मुळी तोडून अळंबी आणली की भाऊजी सगळी उकिरड्यावर फेकतात आणि वर चार शब्द ऐकवतात. मीही ऐकलेत.

एकदाच त्यांनी मुळी बघितली नाही. नागपंचमी होती. त्या दिवशी आमच्यात जमिनीला खुरपं लावत नाहीत, नागाला लागेल म्हणून. त्यांची बायको महामायाअक्का वारूळ पुजून येताना हातानंच खुडून घेऊन आली. भाऊजींनी उलटीपालटी केली, वास घेतला आणि आपलीच हाय म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते बाजाराला गेलेले, अक्कानं ती अळंबी शिजवली आणि घरात एकटीच जेवली. नांदेडच्या दवाखान्यात नेलं, पण वाचली नाही. सोन्यासारखी बाई हो! अजून आठवलं की घास उतरत नाही मला.

यंदा पंचमीलाच त्यांची सून दीपमाला तशीच ओटीभर खुडून आली. पोटुशी पोर, तिला डोहाळेच अळंबीचे लागलेले. भाऊजींना फेक म्हणवेना आणि खा म्हणायची तर छातीच होईना. खुरपं घेतलं आणि नदीकडं निघाले. दीपमाला आणि मी मागोमाग. वारुळापाशी बायका लाह्या-दूध वाहत होत्या. मी त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिले.

“भाऊजी, आज पंचमी हाय. पाप लागंल.”

लागू द्या म्हणाले. सुनेनं खुडलेली जागा विचारून घेतली आणि तिथंच गुडघे टेकून उकरायला बसले. बायका तोंडावर पदर घेऊन बघत राहिल्या. मला आधी राग आला, मग खुरपं बाजूला टाकून बोटांनीच माती सारताना बघून रागही राहिला नाही. जरा वेळानं मुळी दिसली. चांगली लांब, वारुळाच्या पोटात गेलेली. दीपमालेला म्हणाले, खा बाई पोटभर.

सगळ्यांना हायसं वाटलं. भाऊजी मात्र उठेनात. मातीचा हात तसाच धरून माझ्याकडं बघितलं.

“एवढंच करायचं होतं तवा, वहिनी.”