पळत कशाला होतीस?

दीपमालाचा पाय मोडला त्या दिवशी हा प्रश्न तिला सगळ्यात आधी दवाखान्यातल्या कंपाउंडरनं विचारला. "पळत कशाला होतीस?" मग डॉक्टरांनी विचारला, मग आत्यानं, आणि मग भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं. चर कुणी खणला, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

येडशीच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला त्यांची वाडी. घरी दहा-पंधरा शेरडं. दीपमाला थोरली, तिच्या पाठची मंजुषा आणि शेंडेफळ योगीराज. शेरडांमागं डोंगर चढता-उतरता तिघांचे पाय तयार झालेले. दीपमालानं पुढं टपाल खात्यात नोकरी धरली, चार गावांचं टपाल ती वाटायची, पण पहाटेचं डोंगरावरचं पळणं तिनं सोडलं नाही. धाकट्यांनाही तिनंच शिकवलं. उतारावर पाय कुठं टाकायचा, हलणारा दगड लांबून कसा ओळखायचा, चढाला दम कसा राखायचा. तालुक्याच्या डोंगर-दौडीत ती लागोपाठ तीन वर्षं पहिल्या पाचांत आली होती.

माथ्यावर पवनचक्क्या आल्या तेव्हा केबल टाकायला ठेकेदारानं पाऊलवाटेला आडवा चर खणला. केबल टाकून झाली, माणसं निघून गेली, चर तसाच राहिला. पावसाळ्यात त्याच्यावर गवत माजलं. भाद्रपदातल्या एका सकाळी भरधाव उतरताना दीपमालाचा उजवा पाय त्या गवतातून खाली गेला आणि अंग पुढं गेलं. नडगीचं हाड दोन जागी मोडलं. आत सळई घालावी लागली.

पंधरा दिवसांनी ठेकेदार उमाशंकर मोसंब्यांची पिशवी घेऊन घरी आला. खाटेजवळ खुर्ची ओढून बसला.

"झालं ते वाईट झालं, ताई," तो म्हणाला. "पण खरं सांगा, त्या आडरानात तुम्ही पळत कशाला होता?"

आईनं, सारजाबाईनं, चुलीवर चहाचं आधण ठेवलं होतं. दीपमाला पडल्या पडल्याच म्हणाली, "माय, चहा नको करूस."

तो गेल्यावर सारजाबाई लेकीवर उखडली. "दारात आलेल्या माणसाला असं करत्यात व्हय?"

"त्यानं दारात यायचंच न्हाय. फावडं घिऊन डोंगरावर जायचं."

त्यानंतरचं वर्ष तिनं दात-ओठ खाऊन काढलं. आधी कुबड्या, मग काठी. पोस्टातलं बसून करायचं काम तिला मिळालं, पण घरात पळण्याचा विषय कुणी काढेना. ती आली की बोलणं भलतीकडं वळायचं. सगळे तिच्याशी इतकं जपून वागायचे की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एके दिवशी काठी टेकत ती शेरडांना पाला टाकायला गेली, तर कडब्याच्या गंजीमागं बुटांचे दोन जोड सापडले. तांबड्या मातीनं भरलेले, अजून ओले. डोंगरावर दुसरीकडं कुठं तसली माती नव्हती, फक्त माथ्यावर होती. तिनं दोन्ही जोड आणून अंगणात टाकले आणि भावंडांना हाक मारली.

"कवापासून पळायलाव?"

योगीराजनं मान खाली घातली. मंजुषा म्हणाली, "बंद केलतंच न्हाय, आक्का. तुला वाईट वाटंल म्हणून सांगितलं न्हाय."

"मला वाईट वाटंल का न्हाय ते तुमी ठरवणार? पळायचं का न्हाय ते डॉक्टर ठरवणार, बाहीर निघायचं का न्हाय ते आत्या ठरवणार. आन आता तुमीबी?" तिचा आवाज शेजारच्या दोन घरांत गेला. "चोरून पळताव? म्या शिकवलेलं चोरून?"

मग तिनं एक बूट उचलून तळ बघितला आणि विचारलं, "माथ्याला किती लागतंय?"

"बावीस मिनिटं," मंजुषा पुटपुटली.

"बावीस? लाज वाटू दे."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे दीपमाला पायथ्याच्या खडकावर मोबाइलमधलं घड्याळ लावून बसू लागली आणि दोघांना वर जाईपर्यंत शिव्या घालू लागली. दिवाळीपर्यंत मंजुषा अठरा मिनिटांवर आली.

तिचं स्वतःचं पाऊल पळायला पडलं ते माघात. डॉक्टरांनी हो म्हटलं होतं, पण घरी तिनं कुणाला सांगितलं नाही. गार वारं सुटलं होतं, करडं गवत झोपलेलं. पहिली शंभर पावलं नडगी ठणकली. मग ठणका मागं पडला आणि श्वास, पाय, वाट यांचा मेळ एकदम जमला. चढ अंगावर आला तसं तिला हसू फुटलं आणि डोळेही भरले. एवढं माझं होतं, आणि एवढ्यासाठी मला सगळ्यांनी वेड्यात काढलं, असं मनात येऊन ती अजून जोरात पळाली. वाटेत तो चर लागला. अजून उघडाच. कडेला कुणीतरी दोन दगड ठेवले होते. ती थांबली, आत थुंकली, आणि उडी मारून पलीकडं गेली.

त्या वर्षी तिघांनीही डोंगर-दौडीत नाव घातलं. धाकटे एकवीस किलोमीटरला, दीपमाला सातला. साठ जणींत ती एकतिसावी आली. तीन वर्षं पहिल्या पाचांत येणारी बाई एकतिसाव्या नंबरावर एवढी खूश का, ते पाणी देणाऱ्या पोराला कळलं नाही.

तेवढ्यात माथ्यावरच्या मांडवातून तिचं नाव पुकारलं गेलं. क्रीडा मंडळाचे वीरभद्र सर माइकवरून सांगत होते, "अपघातावर मात करून उठलेली ही जिद्दीची मूर्ती. तिचा सत्कार आपले प्रायोजक उमाशंकरजी करतील."

उमाशंकर शाल-नारळ घेऊन उभाच होता. दीपमाला घामानं निथळत वर चढली. त्यानं शाल उलगडली.

"शाल ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. माइक जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "चर बुजवला का?"

"ताई, तो विषय आपण नंतर बोलू."

"दीड वर्स झालं. म्या आत्ताच त्याच्यावरून उडी मारून आले. आज दोन-अडीचशे माणसं त्याच्यावरून जायलीत." ती सरांकडं वळली. "सर, तुमी तिथं चुन्याची रेघ मारलीत. म्हंजी तुमाला ठाव हाय."

"आज आनंदाचा दिवस आहे," सर हळूच म्हणाले. "राग कशाला?"

"राग हाय म्हणून," ती म्हणाली. "माजी भावंडं शेवटच्या चढाला आली असतील. म्या जाते."

शाल त्याच्या हातातच राहिली. दोरीपाशी एका कार्यकर्त्यानं तिला अडवलं. ती दोरीखालून वाकून निघाली.

चढाच्या नरड्यापाशी, वाट अरुंद होते तिथं, तिनं जागा धरली. मंजुषा दिसली ती चौथी, पुढची पोरगी वीस-पंचवीस पावलांवर.

"खांदं कशाला पाडलेस? मयताला आलीस का?" दीपमाला ओरडली. "ती बग, तिचे पाय जड झालेत. धर तिला. बावीस मिनिटांवाली, धर."

मंजुषा दमानं अर्धी झाली होती, तरी हसली. "गप की, आक्का." आणि तिनं ती पोरगी गाठली.

योगीराज पाऊण तासानं आला, आणि येऊन दगडावर बसला.

"पोटऱ्यांत गोळं आलेत," तो म्हणाला. "मला न्हाय जमायचं."

"माज्या पायात सळई हाय. ऊठ."

"आक्का, खरंच."

"म्याबी खरंच सांगायले. ऊठ, न्हायतर वर्सभर तुझे बूट गंजीमागंच ठेवीन."

तो उठला. तिनं त्याचा हात धरला नाही. चार पावलं पुढं राहून, मागं वळून वळून त्याच्यावर ओरडत ती त्याला माथ्यावर घेऊन आली. छातीत इतकं मोकळं वाटत होतं की ओरडणं थांबवावंसं वाटेना. अनोळखी पोरं जात होती, त्यांनाही तिनं सोडलं नाही. "ए पिवळ्या, मान वर. एवढ्यात काय मरायलास?" तोही हसत पुढं गेला.

मंजुषाला तिसऱ्या नंबराचा कप मिळाला. योगीराजचा नंबर ऐंशीच्याही पुढं होता. उमाशंकरची गाडी तोवर निघून गेली होती.

सोमवारी दीपमालानं ग्रामपंचायतीला आणि तहसीलला चराबद्दल अर्ज लिहिले, रजिस्टर पोस्टानं पाठवले, शिक्का स्वतःच्या हातानं मारला. उत्तर अजून आलेलं नाही. तिसरा अर्ज ती लिहिते आहे.

त्या सोमवारी तिचा घसा दौडीतल्या ओरडण्यानं पार बसलेला होता. डाक घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या नागूबाईनं विचारलं, "काय गं, भांडलीस का काय कुणासंगं?"

दीपमालानं नाही अशी मान हलवली आणि सही करायची जागा बोटानं दाखवली.