उंदी की लेदू

नातीच्या मोबाईलवर एक खेळ आहे. त्यातल्या पिवळ्या माणसाला दारापर्यंत न्यायचं असतं, पण बोटाला धरून नाही. आधी हुकूम मांडून ठेवायचे: दोन पावलं पुढं, डावीकडं वळ, खड्डा असेल तर उडी मार, नसेल तर चालत राहा. मग बटण दाबायचं आणि गप बघत बसायचं. एक हुकूम चुकला की बाबा खड्ड्यात. नात म्हणाली, "आजी, हे कोडिंग असतं. तुला नाही जमायचं." मी मोबाईल घेतला आणि तिनं सात हुकमांत सोडवलेलं कोडं पाचात सोडवलं. ती बघतच राहिली. "कुठं शिकलीस गं?" मी म्हटलं, "जा, पाणी आण." उत्तर द्यायचं म्हटलं तर सगळंच सांगावं लागलं असतं. आज सांगून टाकते.

आम्ही सोलापूरचे तेलुगू विणकर. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. वडलांना आमच्यात नायना म्हणतात. मी मॅट्रिकच्या वर्गात होते तेव्हा माझे नायना एका चादरीच्या कारखान्यात नक्षीचे मिस्त्री होते. चादरीवरचा मोर, कोयरी, कमळ हे मागाला कुठून कळणार? त्याला सांगावं लागतं. नायना आधी चौकटीच्या कागदावर मोर काढायचे. कागदावरच्या एका ओळीचा एक पुठ्ठा. चौकट रंगवलेली असेल तिथं पुठ्ठ्याला भोक पाडायचं, कोरी असेल तिथं नाही. असे शेकडो पुठ्ठे दोऱ्यानं ओवून माळ करायची आणि ती मागाच्या डोक्यावर चढवायची. भोक आलं की सूत वर, नाही आलं की सूत खाली. माग स्वतःचं डोकं चालवत नाही. तुम्ही चुकीचं सांगितलंत तर तो चुकीचंच विणणार, आणि पुन्हा पुन्हा विणणार, कारण माळेचं शेवटचं टोक पहिल्याला बांधलेलं असतं.

तेलुगूत उंदी म्हणजे आहे, लेदू म्हणजे नाही. भोक म्हणजे उंदी, कोरं म्हणजे लेदू. नायनांनी मला ह्या दोन शब्दांचा खेळ लावला होता. संध्याकाळी कारखान्यातून येताना ते पुठ्ठ्यांचा गठ्ठा आणि चौकटीचा कागद घेऊन यायचे. अम्मा एका कोपऱ्यात विड्या वळत बसलेली असायची. नायना लाडानं मला बिड्डा, म्हणजे लेकरू, म्हणत. ते म्हणायचे, "बिड्डा, ह्यात मी एक चूक मुद्दाम करून ठेवलीय. काढ बघू." मी कागद मांडीवर घ्यायचे, पुठ्ठा उजेडाला धरायचे आणि मोठ्यानं वाचायचे, "उंदी, उंदी, लेदू, उंदी..." अम्मा वैतागायची. "काय कटकट लावलीय दोघांनी! डोकं उठवलं माझं!" चूक सापडली की मी अशी ओरडायचे की शेजारीण डोकावून जायची.

पुढं पुढं खेळ अवघड होत गेला. एका चुकीच्या दोन झाल्या, मग चार, मग सात. कधी मी त्यांनी सांगितल्यापेक्षा जास्त शोधायचे. ते हसून म्हणायचे, "ती पण सापडली? लई हुशार झालीस की!" मला वाटायचं, मी वाढतेय म्हणून ते खेळ वाढवतायत. शाळेत गणितात पहिली येणारी मुलगी, पण एवढं साधं गणित मला सुटलं नाही. ते पुठ्ठा नाकाजवळ धरायचे, जिन्यावर पाय चाचपत ठेवायचे, कालवणातला मासा आहे की वांगं हे अम्मानं सांगितल्यावरच हात घालायचे. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. पण डोळे असून काय उपयोग? माझं सगळं लक्ष भोकांत.

चाचणी परीक्षा आली. दोन दिवस मी खेळले नाही. नायना दोन्ही दिवस गठ्ठा घेऊन आले, माझ्याजवळ बसले आणि काही न बोलता उठून गेले. तिसऱ्या दिवशी पेपर संपवून मी त्यांचा डबा घेऊन कारखान्यात गेले, तर एक माग बंद आणि मालक त्याच्यापुढं उभे. चादरीवरच्या प्रत्येक मोराची मान मधेच तुटलेली. मागवाला म्हणत होता, माझी चूक न्हाई. मालक म्हणत होते, मग काय मोराची हाय का? नायना मागच्या भिंतीपाशी उभे होते.

मला कुणी विचारलं होतं का? नव्हतं. पण अंगात आगाऊपणा ठासून भरलेला. मी डबा खाली ठेवला, कपड्यावर तुटलेल्या जागेपर्यंतचे धागे मोजले, माळ मागं फिरवायला लावली आणि एका पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. "हा बघा. इथं उंदी पाहिजे, लेदू आहे." मालकांनी कागदाशी ताडून बघितलं. बरोबर निघालं. "शाब्बास गं पोरी! तुला कसं कळलं?"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. मी छाती फुगवून म्हटलं, "त्यात काय! आमचा रोजचा खेळ आहे. नायना मुद्दाम चुका करून आणतात, मी काढते. परीक्षेच्या आधी एकाच दिवशी अकरा काढल्या."

मालकांचा चेहरा पडला. "कशातल्या? ह्याच पुठ्ठ्यातल्या?"

"ह्याच की. ह्याच मोराच्या."

माझं वाक्य तोंडातून सुटलं आणि मला नायनांचा चेहरा दिसला. मला तेव्हाच कळलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण बोललेलं परत गिळता येत नाही.

मालकांनी चौकटीचा कागद उचलला आणि नायनांच्या पुढं धरला. "मिस्त्री, वरची ओळ वाचा जरा." नायनांनी घसा साफ केला. ते स्पष्ट, न अडखळता वाचू लागले, "लेदू, लेदू, उंदी, उंदी, लेदू..." मोर त्यांनीच काढलेला, ओळन् ओळ तोंडपाठ होती. पण मालकांनी कागद उलटा धरला होता. मोराचे पाय वर होते. सगळे बघत होते आणि नायना वाचतच होते. कुणीतरी थांबवावं त्यांना, असं मला वाटत होतं आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मघाशी बरी चुरूचुरू चालली होती जीभ.

मालक वाईट नव्हते. ओरडले नाहीत. कागदाची घडी घालत म्हणाले, "मिस्त्री, आता घरी बसा. तुमची जागा पोरीला देतो. तिची नजर चांगली हाय."

अशी मी माझ्या बापाच्या जागेवर बसले. शाळा सुटली त्याचं मी रडले नाही. रडायला तोंड कुठं होतं मला? नायना मला एका शब्दानं बोलले नाहीत. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. ते अम्मापाशी बसून चाचपून विड्यांना दोरा बांधायला शिकले. आयुष्यभर मोर नाचवलेले हात, आणि अम्मा त्यांना सांगायची, दोरा ढिला राहिला, पुन्हा बांधा. घरात उंदी-लेदू बंद झालं. अम्माला शांतता मिळाली, आणि तीच तिला खायला उठायची.

एकदा मी विचारलं, "नायना, खऱ्या चुका आहेत असं मला आधी का नाही सांगितलं?" त्यांनी बोटांतली विडी बांधून सुपात टाकली. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर तू घाबरून बघितलं असतंस. घाबरलेल्याला चूक दिसत नाही."

सहा-सात महिने गेले. एका संध्याकाळी मालक स्वतः आमच्या दारात आले. हातात मी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ. कोयरीच्या चादरीत नको तिथं ठिपका पडत होता, आणि मागवाला म्हणत होता, चूक पोरीची. मालक आत येऊन नायनांपुढं बसले. "मिस्त्री, ही तुमचीच जुनी कोयरी. तुमच्या हाताला पाठ असंल. खरं सांगा, चूक पुठ्ठ्यात हाय की मागात? पोरीची असंल तर मला दुसरा माणूस बघावा लागंल." विड्यांचे चार पैसे सोडले तर तेव्हा आमच्या घरात मिळवता हात माझाच. अम्मानं विड्यांचं सूप बाजूला सारलं.

नायनांनी माळ मांडीवर घेतली. विड्या बांधून बांधून तयार झालेली त्यांची बोटं एकेका पुठ्ठ्यावरून जाऊ लागली. ओठ नुसते हलत होते, आवाज नव्हता, पण मला ऐकू येत होतं. एका पुठ्ठ्यावर बोट थांबलं. मागं आलं. पुन्हा तिथंच थांबलं. त्या पुठ्ठ्याला भोकं पाडली त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मालकही बोटाकडंच बघत होते. नायनांनी बोट उचललं आणि उरलेली माळ शेवटपर्यंत तितक्याच सावकाश चाचपली.

"पुठ्ठ्यात चूक न्हाई मालक," ते म्हणाले. "मागाचा हूक अडकत असंल, तेल घालून बघा. माळेचा दोरा तेवढा ढिला झालाय. आज राहू द्या हितं. पोरगी आवळून सकाळी आणती."

 "बरं," मालक म्हणाले आणि उठले. मी जागची हलले नाही. त्यांच्या चपलांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी गेला.

"दार लाव," नायना म्हणाले.

मी लावलं.

"तेहतिसावा पुठ्ठा," ते हळूच म्हणाले. "तू उंदी केलंयस. तिथं लेदू पाहिजे."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि ओक्साबोक्शी रडले. त्यांनी माझं डोकं चाचपून शोधलं आणि त्यावर हात ठेवला. "नंतर रड, बिड्डा. आधी कागदाचा तुकडा घे, खळ लाव आणि भोक बुजव."